सुधारित शेड्यूल एम : छोट्या कारखान्याने जोखीम-व्यवस्थापनाची सुरुवात कुठून करावी?

वसईकर_क्यूए :
आमचे कार्यालय अंधेरीला व कारखाना वसईला असून आम्ही गोळ्या आणि सिरप बनवतो. उलाढाल २५० कोटींच्या बरीच आत असल्यामुळे सुधारित शेड्यूल एमसाठी (औषध-निर्मितीच्या दर्जाचे सरकारी नियम) आम्ही अर्ज करून वाढीव मुदत घेतली होती. ती ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपली. सल्लागाराने एसओपींच्या (लेखी कार्यपद्धतींच्या) फायली करून दिल्या, जोखमीचे तक्तेही भरले. त्यांत तीव्रता, शक्यता आणि दोष वेळीच सापडण्याची क्षमता यांना गुण दिलेले आहेत, मात्र कोणताही गुणाकार मर्यादेबाहेर जात नाही, याचेच मला भय वाटते. गुणवत्ता विभागात आम्ही तिघेच आहोत. अशा वेळी आधी कशाला हात घालावा?

गोरेगावकर :
तक्ता क्षणभर बाजूला ठेवून, आपल्या हातून कोणती चूक झाली तर रुग्ण दगावेल, एवढेच विचारावे. सिरप बनवणाऱ्याला याचे उत्तर मुंबईत शोधावे लागू नये. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध-नियंत्रणाची लक्तरे वेशीवर टांगली. तेच विष २०२२ मध्ये गांबियात आणि २०२५ मध्ये छिंदवाड्यात मुलांच्या सिरपमधून पुन्हा निघाले.

म्हणून ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल व सॉर्बिटॉल द्रावण यांच्या प्रत्येक ड्रमचा नमुना घ्यावा आणि डायएथिलीन व एथिलीन ग्लायकॉल ०.१० टक्क्याच्या आत असल्याची खात्री झाल्याशिवाय ड्रम क्वारंटाइनमधून (न तपासलेला माल वेगळा ठेवण्याच्या जागेतून) हलवू नये. स्वतःकडे गॅस क्रोमॅटोग्राफ नसेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासणी करून घ्यावी. मस्जिद बंदरच्या व्यापाऱ्याने स्वतःच्या लेटरहेडवर नव्याने टाइप केलेले विश्लेषण प्रमाणपत्र ग्राह्य धरू नये. मूळ उत्पादकाचे मागावे आणि त्यावरचा बॅच क्रमांक ड्रमच्या लेबलाशी ताडून पाहावा.

जुनी_नोंदवही :
वरील मुद्दा निर्विवाद आहे, पण तपासणीत कारखाने अडकतात ते बहुधा नोंदींवर. मी पूर्वी काम करत असलेल्या एका कारखान्यात खोल्यांमधील हवेच्या दाबातील फरकाच्या नोंदवहीत आठवडाभर एकाच शाईत, एकाच वळणाने १५ पास्कल लिहिलेले होते. निरीक्षकांनी काही न बोलता जनरेटरची वही मागवली. त्या आठवड्यात एका सकाळी तीन तास वीज नव्हती व हवा खेळवून तो दाब राखणारे एअर हँडलिंग युनिट बंद होते. तरीही आकडा १५च! ऑपरेटरवर खापर फोडून प्रकरण मिटवता आले असते, परंतु चौकशी केल्यावर असे दिसले की वही पर्यवेक्षकाच्या खोलीत, तीही कुलपात असे आणि बिचारा ऑपरेटर पाळी संपताना आठवून आठवून लिहीत असे. आम्ही वही गेजखाली आणून पेन दोरीने बांधले. पुढच्याच महिन्यात पाच डेव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीपासून झालेली विचलने) नोंदवली गेली आणि मालक धास्तावले. मला मात्र त्या वहीचा प्रथमच भरवसा वाटला.

आपल्याकडे वर्षभरात किती डेव्हिएशन नोंदली गेली, हे आधी पाहा. शून्य असतील तर तक्त्यातले गुण कुठून आले, हे निराळे सांगायला नको.

दादर_आरए :
थोडा मतभेद नोंदवतो. दोन्ही उपाय योग्य आहेत, मात्र महिनाअखेरीस विक्री विभागाचा फोन आला की दोन्ही कोलमडतात. बॅच रोखण्याचा अधिकार गुणवत्ता विभागप्रमुखांकडे आहे आणि ते उत्पादनप्रमुखांच्या हाताखाली नाहीत, हे मालकांच्या सहीने लेखी घ्यावे. पुरवठादार बदलणे हाही चेंज कंट्रोलचाच (बदलाआधी घ्यायच्या लेखी मंजुरीचाच) विषय आहे. खरेदी विभागाने किलोमागे चार रुपये वाचवले, ही बातमी आपल्याला माल गोदामात उतरल्यावर कळता कामा नये.

वसईकर_क्यूए :
सर्वांचे आभार. आज क्वारंटाइनमध्ये जाऊन पाहिले. ग्लिसरीनचे सहा ड्रम आहेत, प्रमाणपत्र व्यापाऱ्याचे आहे आणि नमुना एकाच ड्रमचा घेतलेला आहे. सहाही रोखून ठेवले असून डेव्हिएशन नोंदवले आहे. उद्या सकाळी हे मालकांना सांगायचे आहे.