विषय: डिशवॉशर नळाचं चित्र दाखवून थांबतंय, शनिवारी निघतोय, लवकर सांगा

नंदू:
मंडळी, गुहागरहून लिहितोय. आईचं डिशवॉशर मान टाकून बसलंय. तेच, ज्याच्यावरून गेल्या मे महिन्यात तात्या आणि माझं झालं होतं. सुरू केलं की घुर्र करून आतलं पाणी बाहेर फेकतं, मग पाणी घेतं, घेतं, घेतच राहतं. पाचेक मिनिटांनी नळाचं चित्र लुकलुकतं आणि बंद. भांडी खरकटी, साबणाची टॅब्लेट डबीत जशीच्या तशी. नळ उघडा आहे, दोनदा बघितला. दुरुस्तीवाला चिपळूणहून येतो, तो म्हणतो पुढच्या बुधवारी. आईच्या उजव्या हाताचं प्लास्टर नुकतंच निघालंय आणि आज सकाळी ती डाव्या हाताने राखुंडी घेऊन न्हाणीत बसली होती. काय करू ते सांगा.

तात्या:
नंदू, "घेऊ नको" असं मी म्हटलं नव्हतं. "टाकीची उंची बघून घे" म्हटलं होतं. जुन्या मेल काढून बघा. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. बहुतेक मशीनना कमीत कमी अर्धा बार लागतो, म्हणजे टाकी मशीनच्या पाच मीटर वर हवी. तुमचं घर कौलारू, टाकी न्हाणीच्या स्लॅबवर. अडीच मीटर झाली तर डोक्यावरून पाणी. पाव बारात पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह उघडला तर उघडला. प्रेशर पंप बसव, विषय संपला. तोवर नळाकडची नळी सोडवून बादलीत धर आणि मिनिटाला किती लिटर येतं ते मोज. नळी जिथे मशीनला लागते तिथे बारीक जाळी असते, तीही टूथब्रशने घास. आपल्याकडे जांभ्याची लाल माती तिथेच बसते.

बाबल्या:
तात्यानू, टाकी गेल्या वर्षी उंच होती आणि औंदा बुटकी झाली काय? वर्षभर चाललां ना मशीन? नंदू, तुका सांगतंय, आधी खालची गाळणी काढून बघ. बांगड्याचो काटो असतलो. आमच्या मालवणच्या घरात पंपाच्या पंख्यात सुरमईचो काटो अडकलेलो. मेकॅनिकान साडेआठशे घेतले आणि काटो माझ्या हातात दिलो.

सुलूवहिनी:
काट्याचं काय घेऊन बसलात बाबल्याभावजी, खवलेलं खोबरं त्याहून वाईट. गणपतीत मंडळाच्या हॉलचं डिशवॉशर कशाने अडलं होतं? सोलकढीच्या पातेल्यातला चोथा न काढता पातेली आत ढकलली म्हणून. शिवाय इकडच्या थंडीत खोबरेल पाइपात गोठतं, चोवीस-पंचवीस अंशांखाली त्याचं तूप होतं. तिकडे मे महिन्यात तो प्रश्न नाही. पण ताटं निपटून लावायची शिस्त आपल्या मंडळात कुणालाच नाही, हे मी तेव्हाही बोलले होते.

सरचिटणीस:
हॉलच्या मशीनचा विषय कार्यकारिणीपुढे आहे, कृपया लिस्टवर नको. किचनची किल्ली कुणाकडे होती हेही तिथेच ठरेल. नंदूच्या घरच्या मशीनपुरतं बोलावं.

सुलूवहिनी:
किल्ली माझ्याकडे नव्हती एवढंच नोंदवून ठेवते.

नंदू:
सगळं करून बघितलं. बादलीत मिनिटाला सात लिटर येतं, म्हणजे अगदीच थेंब थेंब नाही. जाळीवर खरंच लाल गाळ होता, काढला. गाळणीत हापूसची दशी आणि एक काटा मिळाला (बाबल्या, बांगडाच), पण पंखा मोकळा फिरतोय. सगळं लावून सुरू केलं, परत तेच. मग मशीन बंद ठेवून तीन तांबे पाणी आत ओतलं आणि दार उघडं ठेवून अर्धा तास बसलो. पाणी हललं नाही. म्हणजे गळतीही नाही. मशीनचा बोर्डच गेला असणार. व्होल्टेज रात्री एकशे सत्तरपर्यंत उतरतं इथे.

तात्या:
एकशे सत्तरला हीटर जवळपास निम्म्या ताकदीवर येतो. पाणी तापायला वेळ लागेल, पण नळाचं चित्र त्याने येणार नाही. बोर्डाचं आताच मनावर घेऊ नकोस. आणि फ्रिजचा स्टॅबिलायझर त्याला लावू नकोस रे बाबा, हे मशीन दोन हजार वॉटच्या आसपास ओढतं. सात लिटर हा नळी मोकळी असतानाचा आकडा, व्हॉल्व्हमागे दाब वेगळा. पंप बसव.

माई:
पाणी येतं कसं यावर तुम्ही सगळे भांडताय. जातं कुठे ते कुणी विचारलंय का? नंदू, सांडपाण्याची नळी कुठे सोडली आहे? आणि हे कधीपासून होतंय?

नंदू:
माई, पंधरा-वीस दिवसांपासून. नळी पूर्वी सिंकखालच्या पाइपाला होती. आताच आईला विचारलं. एप्रिलात बावडीचं पाणी तळाला गेलं तेव्हा तिने गड्याकडून ती काढवली आणि बागेचा पाइप जोडून मागच्या भिंतीतल्या भोकातून परसात अळवाकडे सोडली. "एवढं पाणी गटारात घालवायचं का?" असं मलाच विचारलं. मागचं परसू स्वयंपाकघरापेक्षा दोन पायऱ्या खाली आहे.

माई:
मग हेच. पिंपातून रॉकेल काढताना नळी तोंडाने ओढावी लागते आणि एकदा ओढली की पिंप रिकामं होईपर्यंत थांबत नाही, तसं झालंय. शाळेत वक्रनळी शिकलो ती हीच. मशीन सुरुवातीला पंपाने पाणी फेकतं, तेव्हा नळी तोंडापर्यंत भरते. टोक खाली अळवात, त्यामुळे पंप थांबला तरी पाणी ओढलं जात राहतं. इकडून व्हॉल्व्ह भरतो, तिकडून अळू पितो. पातळी येत नाही म्हणून मशीन नळाला दोष देतं. तू तांब्याने ओतलंस तेव्हा पंप चाललाच नव्हता, म्हणून राहिलं. आता नळीचं टोक ओट्यावर ठेवलेल्या बादलीत धर आणि चालू कर.

नंदू:
माई!!! चाललं. बादली भरली, उचलून ओतली, पुन्हा भरली, पण चित्र आलं नाही. दीड तासाने भांडी कढत बाहेर. आता नळी मशीनमागून वर नेऊन खिडकीच्या गजाला सुंभाने बांधली आहे, जमिनीपासून अडीच फुटांवर. तिथे टोक एका रुंद पाइपात मोकळं सोडलंय, घट्ट बसवलं नाही, आणि तो पाइप पुढे परसात. म्हणजे हवा शिरते आणि ओढ तुटते. आई म्हणते, "मग अळवाला पाणी मिळतंय ना? झालं तर."

सुलूवहिनी:
ते पाणी अळवाला नको हो. टॅब्लेटमध्ये सोडा असतो. आणि मशीनमध्ये पाणी मृदू करायचं मीठ घालत असाल तर तेही त्यातूनच जाणार. केळीला तर अजिबात नको.

बाबल्या:
माडाच्या आळ्यात सोड. माडाक मीठ चलता, आमचे आजे मुद्दाम घालीत.

माई:
मीठ घालतोच कशाला? जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मृदू असतं, फेस बघून कळतं. मशीनमध्ये पाण्याचा कडकपणा शून्यावर लाव, मिठाचा दिवा लागला तर लागू दे. टॅब्लेटही अख्खी नको, पूड घेऊन चमचाभर टाक, नाहीतर काचेचे पेले दुधाळ होतात. आईंना एक सांग, पितळी आणि ॲल्युमिनियमची भांडी आत नकोत. ॲल्युमिनियम काळवंडतं, मग त्या तुलाच बोलतील.

नंदू:
ॲल्युमिनियमचं कालच काळं झालं. बोलून झालं. नळी माडाकडे वळवतो, आळं पाच पावलांवर आहे.

तात्या:
माईंचं निदान बरोबर. पावसाळ्यात गाळ वाढेल, दर पंधरवड्याला जाळी धुवायला आईंना नाही तर गड्याला दाखवून ठेव. प्रेशर पंपाचं मात्र मनात असू दे.

सरचिटणीस:
नंदू, शनिवारी निघतोयस तर गणपतीच्या पडद्याचं कापड आणायचं ठरलं होतं, विसरू नकोस. आणि माई, हॉलच्या मशीनची सांडपाण्याची नळीही जमिनीलगतच गेली आहे. रविवारी जरा येऊन बघता का? किल्ली माझ्याकडे आहे.

सुलूवहिनी:
अच्छा.