अध्यक्ष बदलले, पण मैदानावरच्या सरांचं काय?

लेन_चार (दादर)
जानेवारी २०२५ मध्ये भारतीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाचं अध्यक्षपद आदिल सुमारीवाला यांच्याकडून बहादूरसिंग सागूंकडे गेलं. सुमारीवाला आपल्या मुंबईचे, १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचे धावपटू. बारा वर्षं ते अध्यक्ष होते. सागूंनी २००२ च्या बुसान आशियाई स्पर्धेत गोळाफेकीचं सुवर्ण जिंकलेलं. नीरज चोप्रा खेळाडू आयोगावर आहे. खेळाडूंच्या हाती कारभार आला याचा मला मनापासून आनंद आहे.

पण मुंबईतल्या कुठल्याही ट्रॅकवर सकाळी जाऊन बघा. तेरा वर्षांची मुलगी लांब उडीचा सराव करतेय आणि तिचा पाय सारखा बोर्डाच्या, म्हणजे उडी घ्यायच्या पट्टीच्या, पुढे पडतोय. सर ओरडतात, "लक्ष कुठे आहे तुझं?" तिचं लक्ष बोर्डावरच आहे. गेल्या चार-सहा महिन्यांत तिची उंची वाढलीय. रनअप चौदा पावलांचा, प्रत्येक पाऊल पाच सेंटिमीटरने लांबलं तरी बोर्डापाशी सत्तर सेंटिमीटरचा फरक पडतो. चेक मार्क, म्हणजे धाव सुरू करायची खूण, मागे सरकवला की झालं. सरांना ते कोणी शिकवलेलंच नाही, कारण ते मुळात कबड्डीचे, आणि शाळेने त्यांना मैदानी स्पर्धांचीही जबाबदारी दिलेली. त्यात त्यांचा दोष नाही. पण पोरगी मात्र "आपल्याला जमत नाही" असं ठरवून दहावीच्या क्लासला जाते.

माझं म्हणणं सरळ आहे. नव्या नेतृत्वाचं मोजमाप पदकांवर करू नका. जिल्ह्याजिल्ह्यात शिकलेले, पगार मिळणारे किती प्रशिक्षक उभे राहिले, यावर करा.

पार्लेकर
असहमत. तळापासून वर यायला पंधरा-वीस वर्षं जातात. आज वीस वर्षांचा असलेल्या धावपटूने तोवर काय करायचं? त्याला उत्तम मार्गदर्शन आत्ता हवं आणि ते बाहेरून आणावं लागलं तर आणायलाच हवं. नीरजने २०१६ मध्ये ज्युनियर विश्वविक्रम केला तेव्हा प्रशिक्षक म्हणून गॅरी कॅल्व्हर्ट सोबत होते, टोकियोच्या सुवर्णाच्या वेळी क्लाउस बार्टोनीट्झ. पुढे यान झेलेझनी आले आणि मे २०२५ मध्ये दोह्यात भाला ९०.२३ मीटरवर पडला. २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत आपल्या ४×४०० रिलेने २:५९.०५ असा आशियाई विक्रम केला. हे निर्णय वरच्या खुर्चीतूनच झाले. नेतृत्व दुय्यम म्हणणं म्हणजे त्या पोरांच्या यशावर अन्याय आहे.

जुना_एनआयएस
पार्लेकर, बाहेरच्या प्रशिक्षकांना माझा विरोध नाही. पण ते गेले की मागे काय राहतं? महासंघाने २०१९ मध्ये फोल्कर हेरमान यांना हाय परफॉर्मन्स डायरेक्टर म्हणून आणलं. २०२१ मध्ये ते राजीनामा देऊन गेले. दोन-अडीच वर्षांत कुठलीही पद्धत रुजत नाही. लांब पल्ल्याचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव्ह यांच्यासारखा कडक, जाणकार माणूस इतकी वर्षं इथे राबला. आपल्या साताऱ्याची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचली ती त्यांच्या हाताखाली. मार्च २०२१ मध्ये पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतच (एनआयएस) त्यांचं निधन झालं. त्यांच्या हाताखाली आपले चार सहायक घडवायचे, त्यांच्याकडून सगळं लिहून घ्यायचं, हे महासंघाचं काम होतं. त्यांच्या पद्धतीची छापील मराठी-हिंदी टिपणं निदान माझ्या हातात तरी कधी आली नाहीत.

आणि अविनाश साबळे बघा. बीडच्या मांडव्याचा मुलगा, सैन्यात क्रॉस कंट्री धावायचा. त्याला स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडायच्या तीन हजार मीटर शर्यतीकडे, वळवलं ते सैन्यातल्या अमरीश कुमार यांनी. मधे तो स्नेसारेव्ह यांच्याकडे गेला, मानवलं नाही, पुन्हा अमरीश कुमारांकडे आला. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनींचा ३७ वर्षांचा विक्रम मोडला. आपल्या मातीतला प्रशिक्षक काय करू शकतो त्याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

पार्लेकर
उदाहरण अर्धंच दिलंत. तोच साबळे पुढे अमेरिकेत कोलोरॅडोला प्रशिक्षक स्कॉट सिमन्सकडे गेला आणि २०२२ च्या राष्ट्रकुलात ८:११.२० धावून रौप्य घेतलं. सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकलं. केनियाच्या धावपटूंच्या इतकं जवळ जायला अमरीश कुमारांचा पाया लागला, तसंच कोलोरॅडोही लागलं.

जुना_एनआयएस
पाया लागला हे मान्य केलंत, तेवढं पुरे आहे.

विरार_फास्ट
मी एका धावपटूची आई. वरची चर्चा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझ्या मुलाला एका खाजगी प्रशिक्षकाने "ताकदीसाठी" म्हणून पुडीतली पावडर दिली. पुडीवर लेबल नाही, बिल नाही. मुलगा सोळा वर्षांचा. मी विचारलं तर म्हणाले, "सगळेच घेतात, ताई." त्या दिवसापासून मुलाला तिथे पाठवणं बंद केलं.

२०२३ च्या वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) आकडेवारीत पाच हजारांहून जास्त नमुने तपासणाऱ्या देशांमध्ये पॉझिटिव्ह निघण्याचं प्रमाण भारताचं सर्वांत जास्त, ३.८ टक्के. पोरं हे स्वतःच्या डोक्याने करत नाहीत हो. त्यांच्या हातात कोणीतरी देतं. महासंघाने २०२५ मध्ये प्रशिक्षकांची नोंदणी सक्तीची केली, हे मला नव्या कारभारातलं सगळ्यात मोलाचं पाऊल वाटतं. पण पालकाला फोनवर नाव टाकून "हे सर नोंदणीकृत आहेत का" हे दोन मिनिटांत कळायला हवं. बंदी आली की भोगतो मुलगा. सर दुसऱ्या मैदानावर नवी बॅच सुरू करतात.

लेन_चार (दादर)
ताई, पाठवणं बंद केलंत ते फार बरं केलंत. पुष्कळ पालकांना पावडरीबद्दल विचारायचं धैर्यच होत नाही, कारण दुसरे सर कुठे शोधायचे हा प्रश्न असतो.

पार्लेकर
विरार_फास्ट यांच्याशी शंभर टक्के सहमत. पण बघा, नोंदणीचा हा निर्णयही वरूनच आला.

जुना_एनआयएस
आला, चांगलाच आला. आता दुसरा निर्णय बघा. राष्ट्रीय शिबिरं हळूहळू आवरती घ्यायची आणि खेळाडूंनी खाजगी फाउंडेशन, सैन्यदल, रेल्वे यांच्या केंद्रांत सराव करायचा, असं महासंघाचं धोरण आहे. अडथळ्यांच्या शर्यतीतल्या तेजस शिर्से, ज्योती याराजी यांना रिलायन्स फाउंडेशनचे प्रशिक्षक जेम्स हिलियर मिळाले आणि त्याचा उपयोग दिसतोय, नाकारत नाही. पण फाउंडेशन निवड करतं ते आधीच चमकलेल्या मुलांची. नालासोपाऱ्याहून पहाटेची लोकल पकडून मरीन लाइन्सला येणारी आणि राज्यात चौथी-पाचवी येणारी मुलगी कोणाच्या यादीत बसते? शिबिरात तिला एकेकाळी बोलावणं यायची आशा तरी होती. शिबिरं बंद करायची असतील तर त्या पैशांतून जिल्ह्यांना प्रशिक्षक द्या. नुसती बंद करू नका.

पार्लेकर
शाळेतल्या प्रशिक्षकाचा पगार ही राज्य सरकारची जबाबदारी आहे. क्रीडा शिक्षकांची भरती, तालुका-जिल्हा स्पर्धा, दहावीचे ग्रेस गुण हे सगळं राज्याकडे. तुम्ही दिल्लीच्या दाराशी उभं राहून मंत्रालयाचा प्रश्न विचारताय.

लेन_चार (दादर)
पगाराबद्दल तुमचा मुद्दा मान्य, तो मंत्रालयातच भांडून घ्यावा लागेल. पण दोन गोष्टी निव्वळ महासंघाच्या आणि त्याच्या राज्य संघटनेच्या हातात आहेत. प्रशिक्षकांचा प्राथमिक कोर्स मराठीतून द्या, आणि तो पतियाळ्याला न घेता कांदिवलीच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात, मे महिन्याच्या सुट्टीत घ्या, म्हणजे शाळेतल्या सरांना रजा न टाकता येता येईल. दुसरं, जिल्हा स्पर्धेच्या प्रवेश अर्जावर नोंदणीकृत प्रशिक्षकाचं नाव आणि क्रमांक सक्तीचा करा. क्रमांक नसेल तर मुलाला अडवू नका. त्या शाळेच्या सरांचं नाव पुढच्या कोर्सच्या यादीत घाला.

विरार_फास्ट
मुलाला अडवू नका, हे पहिल्या ओळीत लिहा. नाहीतर अर्ज घेणारा पहिलं तेच करेल.