पोरगी स्पर्धेच्या बॅचला आहे, पहिल्याच स्पर्धेत डीक्यू म्हणजे बाद झाली, आता काय करू? बेळगाववाल्यांनी सांगा

टिळकवाडीची_आई

नमस्कार सगळ्यांना. आम्ही बेळगावात टिळकवाडीत राहतो, मुलगी सहावीत आहे, मराठी शाळेत. दोन उन्हाळे पोहायला घातली होती हौस म्हणून आणि यंदा एप्रिलमध्ये सरांनी स्वतःहून बोलावून सांगितलं की हिला स्पर्धेच्या बॅचला घाला, किक चांगली बसतीय. तेव्हापासून रोज पहाटे साडेपाचला पूलवर. मेपर्यंत मजेत चाललं होतं पण पाऊस लागला आणि घरात रोज सकाळी ओढाताण सुरू झाली. आपल्याकडचा जुलै तुम्हाला माहीतच आहे, आठ आठ दिवस ऊन नाही, टॉवेल वाळत नाहीत, स्वयंपाकघरात दोरी बांधून कॉश्च्यूम वाळवते मी.

तरी सगळं निभावलं. मागच्या रविवारी तिची पहिली स्पर्धा झाली, ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोक, आमच्या २५ मीटरच्या पूलमध्येच. पोरगी दुसरी आली हो! मी आणि सासूबाई दोघी उभ्या राहून टाळ्या वाजवतोय, नवरा व्हिडिओ करतोय, आणि पाच मिनिटांनी माईकवर पुकारलं लेन ४ डीक्यू. का तर टर्नला, म्हणजे वळताना, भिंतीला एकच हात लागला. ती चेंजिंग रूमच्या पायरीवर टॉवेलात तोंड घालून बसली ती उठेचना. दुपारी तिची रिले होती त्यालाही उतरली नाही, तिच्या जागी आयत्या वेळी दुसऱ्या मुलीला उतरवावं लागलं. तेव्हापासून म्हणते मी जाणार नाही, सगळ्या माझ्यावर चिडल्या असतील.

आता घरात दोन मतं आहेत. नवरा म्हणतो बस झालं, पुढं हायस्कूल आहे, अभ्यासाकडं बघू दे. मला वाटतंय सीझन तरी पुरा करावा. दुसरं म्हणजे सर कन्नड आहेत, माणूस फार चांगला पण हिला त्यांचं निम्मं कळत नाही. माझा भाऊ कोल्हापूरला असतो, तो म्हणतो इकडं पाठव सुट्टीत आणि इकडूनच खेळव. असं होतं का? ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी मनापासून सांगा.

शहापूर_बाबा

ताई, पहिल्यांदा डीक्यूचं सांगतो. माझी दोन्ही मुलं पोहतात, मोठा सहा वर्षं झाली, आणि डीक्यू न झालेलं पोर मी अजून बघितलेलं नाही. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय या दोन्हीला टर्नला पण आणि शेवटी पण दोन्ही हात एकदमच भिंतीला लागायला पाहिजेत, तेही एकावर एक नाही तर सुटे. प्रॅक्टिसला पोरं दमली की एक हात लावून वळतात, ते झटकन वळता येतं म्हणून, आणि तीच सवय स्पर्धेत बाहेर येते. आमच्या मोठ्याचं तर मेडलीत, म्हणजे चारही स्ट्रोक एकापाठोपाठ मारायचे त्यात, झालं होतं, बॅकस्ट्रोक संपवताना पाठीवरच राहून भिंतीला हात लावायचा असतो, हा भिंत बघायला पालथा झाला आणि गेला बाद. त्यावर उपाय म्हणजे भिंतीच्या ५ मीटर अलीकडं दोरीवर झेंड्या लावलेल्या असतात बघा, त्या दिसल्या की किती हात मारायचे ते मोजून ठेवायचं. तो मोजायचा १ २ ३ ४ असं, जेवताना ताटावर पण बोटानं मोजायचा.

स्टार्टचं पण सांगून ठेवा. स्टार्टचा सिग्नल व्हायच्या आधी हलली की बाद, पहिल्यांदा माफ वगैरे काही नसतं. ज्या पोरांना हे आधी कुणी सांगितलेलं नसतं ती फार रडतात.

आणि ताई, ती दुसरी आली ही वेळ खरी आहे. कागदावर नसली तरी तुमच्या नवऱ्याच्या व्हिडिओत आहे. व्हिडिओवरून सेकंद मोजा आणि वहीत लिहा. मी दोघांच्या दोन वह्या केल्यात, तारीख, पूल २५ का ५० मीटर, इव्हेंट, वेळ. कितवा आला ते लिहीतच नाही.

अजून एक, तुमच्या मुलीचा जन्म कुठल्या महिन्यातला? वयोगट ३१ डिसेंबरला वय किती यावर धरतात. म्हणजे नोव्हेंबर डिसेंबरची मुलगी आणि त्याच वर्षातली जानेवारीची मुलगी एकाच गटात येतात, अकरा महिन्यांचा फरक, आणि या वयात अकरा महिने म्हणजे उंचीला वीतभर फरक दिसतो. माझी धाकटी डिसेंबरची आहे, तिची मेडलं मी कधी मोजत बसलो नाही.

मलप्रभेची_लेक

काकू, मी बेळगावच्याच एका क्लबात सात वर्षं पोहले, आता इंजिनिअरिंगला आहे. तुमच्या पोस्टमधलं एकच वाक्य मला टोचलं, ते म्हणजे सगळ्या माझ्यावर चिडल्या असतील. खरी भीती ती आहे, डीक्यू नाही. म्हणून तुम्ही घरी बसून समजूत काढू नका, ते तुमच्याकडून होणार नाही, तिला फक्त पूलवर सोडा, बाकीचं त्या पोरीच करतील.

मी आठवीत असताना पहिल्यांदा बेंगळुरूला स्टेटच्या स्पर्धेला गेले, राणी चन्नम्मा गाडीनं रात्रभराचा प्रवास, आम्ही बारा पोरं, दोन आया आणि सर. कुणाच्या डब्यात चपाती आणि शेंगाचटणी, कुणाच्या डब्यात जोळद रोट्टी म्हणजे ज्वारीची भाकरी आणि एण्णगाई म्हणजे भरली वांगी, सगळं वर्तमानपत्रावर एकत्र. सकाळी बसवनगुडीच्या पूलवर उतरलो आणि ५० मीटरचं पाणी पहिल्यांदा बघितलं. आमचा सगळा सराव २५ मध्ये, त्यात निम्म्यात भिंत येते, पायानं ढकलून परत वेग मिळतो. तिथं भिंत येतच नाही हो. मी २०० मीटर फ्रीस्टाईलला तिसऱ्या लॅपला इतकी मोडले की शेवटून दुसरी आले. बाहेर आले तर आमच्यातली एक मोठी अक्का, धारवाडकडची, मराठीचा एक शब्द येत नव्हता तिला, तिनं काही न बोलता माझी कॅप काढली, केस पुसले आणि दंडावर पेनानं लिहिलेला पुढच्या इव्हेंटचा नंबर पुसट झाला होता तो परत गिरवला. इव्हेंट, हीट म्हणजे कितवी तुकडी, लेन. मी काही बोलायच्या आत मला कॉल रूमला, म्हणजे शर्यतीआधी जमायचं तिथं, उभं केलं तिनं. त्या दिवशी रिले झाली, आम्ही सहाव्या आलो आणि आठ सेकंद कमी केली होती चौघींनी मिळून. मेडल कशालाच नाही. पण गाडीत परत येताना मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले होते, आणि त्यानंतर मी पोहणं सोडायचं एकदाही म्हटलं नाही.

कन्नडचं पण तसंच. मी मराठी मीडियमची. सर लेनच्या कडेनं चालत ओरडायचे, काल होडी काल होडी, म्हणजे पाय मार. पाण्यातून कानात अर्धवटच येतं पण महिन्याभरात आपोआप कळायला लागतं, कै म्हणजे हात, उसिरु म्हणजे श्वास. आज कॉलेजात माझं कन्नड चांगलं आहे त्याचं कारण शाळा नाही, पूल आहे. तिला सांगा नाही कळलं की परत विचारायचं, सर रागवत नाहीत. आणि टीममधल्या एखाद्या कन्नड मुलीच्या लेनमध्ये तिला ठेवायला सांगा.

रिलेचं मात्र तिनं स्वतः जाऊन बोलायला पाहिजे. जी मुलगी ऐनवेळी उतरली तिला थँक्यू म्हणायचं, बस. चौघींची रिले असते, एक नाही उतरली तर बाकीच्या तिघींचं पण जातं, हे तिला रागावून नाही पण सांगा. मोठं झाल्यावर हेच उपयोगी पडतं काकू.

खानापूरकर_काका

नमस्कार. आमच्यावेळी पूल वगैरे काय नव्हतं, कंबरेला वाळका भोपळा नायतर पांगाऱ्याचा ओंडका बांधायचा आणि विहिरीत ढकलायचं, आठ दिवसांत पोरगं तरंगतंय. मलप्रभेला पाणी उतरलं की डोहात सूर मारायचो. दम भरपूर पण स्ट्रोक म्हणजे काय ते माहीत नाही. आता माझ्या नातवाला मी खानापुरातनं बेळगावला घेऊन जातोय, एका बाजूला पंचवीस-सव्वीस किलोमीटर, आठवड्यातनं चारदा. विहिरीत शिकल्यामुळं त्याचं डोकं कायम पाण्याच्या वर, ते मोडायलाच सरांना चार महिने लागले. तुमच्या पोरीला अकराव्या वर्षी सरळ स्ट्रोक शिकायला मिळालाय ताई, हे लय मोठं आहे, सोडू नका.

कोल्हापूरचं सांगतो, कारण मी पण चौकशी केली होती. शाळेच्या स्पर्धा शाळा जिथं तिथनंच. तुमची शाळा कर्नाटकात तर कर्नाटकातनंच खेळणार, तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. त्यातही आपला बेळगाव शैक्षणिक जिल्हा वेगळा आणि चिक्कोडी वेगळा, निपाणीकडच्या पोरांना चिक्कोडीतनं यावं लागतं. असोसिएशनच्या स्पर्धांना पण नोंदणी एका राज्याकडनं असते, आज इकडनं उद्या तिकडनं असं नाही चालत. मे महिन्यात मामाकडं जाऊन सराव करायला मात्र कोण अडवतंय? कोल्हापूरचं पाणी चांगलंच आहे, वीरधवल खाडे तिथलाच, २००८ ला बीजिंग ऑलिंपिकला गेला आणि २०१० च्या ग्वांगझू एशियाडला ५० मीटर बटरफ्लायमध्ये ब्राँझ आणलं. पण आपल्या राज्यात पण काय कमी नाही. बेंगळुरूची धिनिधी देसिंघू २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकला गेली तेव्हा १४ वर्षांची होती. पोरीला तिचे व्हिडिओ दाखवा.

तुमच्या साहेबांना सांगा, सीझनच्या मध्यात काढू नका. मध्येच काढलेल्या पोराला आयुष्यभर वाटत राहतं की आपण हरलो म्हणून काढलं. सीझन संपू दे, मग तिघं बसून ठरवा.

वही_आणि_स्टॉपवॉच

मी दोन वर्षं स्पर्धांना टाइमकीपर म्हणून बसते, लेनच्या टोकाला. पालक कुणीही बसू शकतात, आधी शिकवतात. तुम्ही पण बसा. वरून गॅलरीतून काहीच कळत नाही, खाली बसलं की पोरांचे चेहरे दिसतात, भिंतीला हात लावल्यावर पहिल्यांदा कुणाकडं बघतात ते दिसतं. बहुतेक पोरं आधी सरांकडं बघतात आणि मग शेजारच्या लेनकडं.

बाकी पटकन, पूलमध्ये उतरायच्या आधी केस साध्या पाण्यानं ओले करून खोबरेल तेल लावा मग कॅप, क्लोरीन कमी शोषतं. लेटेक्सची कॅप असेल तर आतून टाल्कम पावडर, नाही तर केस ओढून निघतात. कानात काडी घालू देऊ नका, डोकं एका बाजूला कलतं करून पाणी काढायचं आणि टॉवेलनं बाहेरून पुसायचं. स्पर्धेच्या दिवशी पोटभर उप्पीट देऊ नका, केळं, शेंगदाण्याचा लाडू असं थोडं थोडं, कारण दोन इव्हेंटच्या मध्ये दोन दोन तास जातात. आणि ओल्या कॉश्च्यूमवर बसू देऊ नका, स्वेटर न्या, ऑगस्टात आपल्याकडं वाऱ्यानं पोरं काकडतात.

अभ्यासाचं म्हणाल तर माझ्या मुलानं एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या वर्षी आठवड्यातून तीनच दिवस केलं, सरांशी बोलून. सहावीत तेवढी पण गरज नाही.

टिळकवाडीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. मलप्रभेची_लेक, तुझी पोस्ट तिला वाचून दाखवली, दंडावर नंबर गिरवलेलं आलं तेव्हा ती उठून आत गेली. मी मागं गेले नाही. थोड्या वेळानं पाणी प्यायला गेले तर फ्रिजसमोर उभी राहून दोन्ही हात एकदम फ्रिजला टेकवत होती, मागं सरकायची, परत टेकवायची. मला बघून म्हणाली आई, माझा डावा मागंच राहतोय गं.

शहापूर बाबा, जन्म नोव्हेंबरचाच आहे. आम्ही हे कधी धरलंच नव्हतं. नवऱ्याला सांगितलं तर त्यानं व्हिडिओ काढून मोबाईलवर सेकंद मोजले, ४९ आले, आणि स्वतःच वही आणून लिहिले. सीझन पुरा करायचं ठरलंय. काका, मे महिन्यात कोल्हापूरला सरावाला नक्की पाठवू.

उद्या पहाटे जातोय. रिलेत उतरलेल्या मुलीसाठी तिनं कुंदा घ्यायला लावलाय, अर्धा पाव, स्वतःच्या पैशातून. एकच विचारायचं होतं, शहापूर बाबा तुम्ही गोवावेसवरूनच जाता ना? पाऊस जोराचा असला की स्कूटरवरून नेणं अवघड होतं.

शहापूर_बाबा

हो ताई, सव्वापाचला गोवावेस सर्कलला असतो, कारमध्ये दोन पोरं आणि दोन किकबोर्ड, अजून एक बसतंय आरामात. मेसेज करा.