भडक रंगांचा प्रश्न नाही, गडद-फिक्याचा आहे

भाऊ, नागपूरच्या महाल भागातल्या भिंतीवरचं चित्र रंग भडक नसल्यामुळे उठून दिसत नाही, असं तुम्ही म्हणता. मला नाही पटत. मोबाईलवर त्याचा फोटो काळा-पांढरा करून बघा: चित्रातली बाई आणि मागची झाडं एकाच करड्या छटेत मिसळून जातात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळी मारबत, म्हणजे मिरवणुकीतला तो मोठा पुतळा, गल्लीच्या टोकावरूनच ओळखू येते ना? पिवळं धम्मक अंग, मोठाले डोळे, बस्स. गाडीवरून जाणाऱ्याला दोन-तीन सेकंदच मिळतात, तेवढ्यात आकार कळलाच पाहिजे. आणि आपलं ४५ अंशांचं ऊन! मी रंगवलेल्या कंपाउंडवरचा लाल दोन उन्हाळ्यांत फिक्कट गुलाबी झाला. त्याभोवतीची बोटभर जाड काळी रेघ मात्र अजून तशीच आहे, चित्र तिच्यावरच तगलंय.