वर्कशॉपमध्ये लाकडावरची बंद शेगडी स्वतः बसवायची आहे, सल्ला हवा

धागाकर्ता, निफाड
नमस्कार. आमच्या मळ्यात २० बाय १५ फुटांची पत्र्याची शेड आहे आणि तिथे मी लाकडी खेळणी व लहान फर्निचर बनवतो. ज्या पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, त्या दिवशी शेडमध्ये दहा वाजेपर्यंत बोटे वळत नाहीत आणि पांढरा डिंकही नीट धरत नाही. वेल्डिंग मला येते, म्हणून दाराची लोखंडी शेगडी स्वतःच करावी असा विचार आहे. पत्रा किती जाडीचा घ्यावा, धुराडे भिंतीतून काढावे की छपरातून, आणि जळणाला प्लायवुडचे तुकडे व छाटणीच्या काड्या चालतील का, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद, सातपूर (फॅब्रिकेशन)
शेगडीला ५ ते ६ मिलिमीटरची प्लेट घ्या आणि आत तळाला व बाजूंना भट्टीच्या विटा लावा. जुने गॅस सिलिंडर कापून शेगडी करण्याचा मोह कृपया टाळा. ते गॅस कंपनीच्या मालकीचे असते आणि आत राहिलेला वायू कापताना स्फोट घडवू शकतो.

मात्र खरे काम धुराड्याचे आहे. घरच्या बंबाची मधली नळी सरळ उभी का असते, हे पाहिले की निम्मे उत्तर मिळते: गरम धूर वर चढतो आणि त्या ओढीनेच खालून हवा आत येते. म्हणून भिंतीतून वळवण्यापेक्षा सरळ छपरातून वर न्या, शेगडीच्या तोंडापासून टोकापर्यंत व्यास कुठेही कमी करू नका आणि तळापासून एकूण उंची १५ फुटांच्या आसपास ठेवा. टोक छपराच्या छिद्रापासून किमान ३ फूट वर असावे, शिवाय १० फुटांच्या आत असलेल्या कोणत्याही उंच भागापेक्षा २ फूट उंच असावे, नाहीतर वाऱ्याने धूर उलटा खाली येतो. शेगडीजवळचा भाग साध्या काळ्या लोखंडी पाइपाचा करा. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप तिथे तापून विषारी धूर सोडू शकतो. सांध्यात वरच्या पाइपाचे टोक खालच्या पाइपाच्या आत बसवावे, म्हणजे आत साचणारे डांबर बाहेर न गळता शेगडीत परत उतरते. छपराला लाकडी वासे असतील तर तिथे दुहेरी पाइप वापरून मध्ये रॉकवूल (उष्णता अडवणारी, दगडाच्या तंतूंची लोकर) भरा. आणि पत्रे जुन्या ॲस्बेस्टॉसचे असतील तर स्वतः छिद्र पाडू नका, त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

प्रतिसाद, गंगापूर रोड (सुतारकाम)
वरील सल्ल्यात मला एक गोष्ट जोडावीशी वाटते, कारण मी स्वतः पॉलिशचे काम करतो. थिनर, मेलामाइन पॉलिश आणि हवेत उडणारा बारीक भुसा यांच्याजवळ पेटती शेगडी असणे अत्यंत धोक्याचे आहे. पॉलिशच्या दिवशी ती पेटवूच नये, आणि शक्य असेल तर शेडच्या एका टोकाला विटांची आडभिंत घालून शेगडी तिच्यापलीकडे ठेवावी. लाकडापासून सर्व बाजूंनी ३६ इंच अंतर राखावे. प्लायवुड व एमडीएफ (भुशाचे तंतू चिकटवून दाबलेला बोर्ड) जाळू नका, कारण त्यांच्या चिकट द्रव्यातून घातक वायू निघतात. छाटणीच्या काड्यांवर हंगामभर फवारणी झालेली असते, त्यामुळे बंद जागेत मी त्या वापरणार नाही. बाभळीचे लाकूड फोडून पावसाआधी छपराखाली रचावे आणि ओलावा २० टक्क्यांखाली आल्यावरच जाळावे. ओल्या लाकडाने धुराड्यात डांबर साचते आणि तेच पुढे आतून पेटते.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. आडभिंत घालण्याचे ठरवले आहे. पत्रे लोखंडी आहेत. बंद शेडमध्ये कार्बन मोनॉक्साइडची भीती वाटते, त्याचे काय करावे?

प्रतिसाद, सातपूर
त्याला वास नसतो, म्हणून नाकावर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा आणि एक खिडकी थोडी उघडी ठेवा. पहिली आग शेडबाहेर पेटवून लोखंडावरचे तेल व रंग जाळून टाका. मग शेगडी बसवून, ती पेटलेली असताना प्रत्येक सांध्याजवळ उदबत्ती धरा: धूर सांध्याकडे ओढला जात असेल तर ओढ चांगली आहे, दूर ढकलला जात असेल तर तिथून वायू शेडमध्ये येत आहे, आणि तो सांधा भट्टीच्या सिमेंटने भरल्याशिवाय कामाला लागू नका.