मदत हवी आहे: श्रीवर्धनच्या मावशीसाठी मासळीचा सोलर ड्रायर

मंडळी नमस्कार, मी कोथरूडला राहते. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनला मावशीची रोठा सुपारीची वाडी आडवी झाली. नवी झाडं धरायला ५-६ वर्षं तरी जातात, म्हणून ती आणि शेजारच्या चौघीजणी सोडे, जवळा वाळवून विकू लागल्या. पण अवकाळी पाऊस कधीही येतो. गेल्या मे महिन्यात अंगणभर पसरलेला जवळा भिजला, दुसऱ्या दिवशी वास सुटला, सगळा माडाच्या बुंध्यात टाकावा लागला. कोळंबी सोलून बोटं चिरलेली असतात हो त्यांची!

पुण्यात कुणी असा ड्रायर बनवून देतं का? रोज १५-२० किलोचा, खाऱ्या हवेत न गंजणारा. बचत गटाला अनुदान मिळतं का? स्वतः वापरलेल्यांनी कृपया सांगा, पावसाळ्याआधी बसवायचा आहे.