उरलेलं अन्न कधीचं आहे, हे घरात कसं लिहून ठेवता?

सूनबाई, परभणी

नमस्कार. आमच्या घरात सहा माणसं आहेत. सासू-सासऱ्यांना भाकरी लागते, मुलांना पोळी. दोन्ही रोज होतात आणि दोन्ही उरतात. आठवडी बाजारातून माळवं एकदमच येतं: मेथी, शेपू, चुका, कोथिंबीर, वांगी. फ्रिज पुसायला काढला की मागं एखादी वाटी निघतेच, वरणाला तार सुटलेली नाहीतर चटणीवर बुरशी आलेली.

फेकायचं जिवावर येतंच, पण माझी खरी काळजी वेगळी आहे. सासूबाईंनी लहानपणी १९७२ चा दुष्काळ काढलाय. सरकारी मदतीची सुकडी आणि मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीवर दिवस गेले त्यांचे. त्यामुळं आम्ही काही टाकायला निघालो की त्या आंबलेलं वरणसुद्धा ताटात ओढून घेतात. मागच्या उन्हाळ्यात त्यांना सलाईन लावावं लागलं. अन्न वाया जाऊ नये आणि त्यांच्या पोटातही नको ते जाऊ नये, अशी पद्धत हवी आहे.

मोठा मुलगा म्हणतो, मोबाईलवर ॲप घे, तारीख जवळ आली की आठवण करून देतं. कुणी वापरलंय का? आणि वीज गेली तर फ्रिजमधलं किती वेळ चांगलं धरायचं?

मेसवाली काकू, लातूर

ताई, मी लातुरात शिकायला आलेल्या पोरांचा मेस चालवते. सण आला की निम्मी पोरं न सांगता गावाकडं निघून जातात आणि पातेली भरलेली राहतात. म्हणून अंदाजावर न राहता लिहून ठेवायची सवय लावून घेतली.

ॲप पुड्याच्या मालाला ठीक आहे. शिजवलेल्याचं सगळं हातानं भरावं लागतं. शिवाय फोन एकाच्या हातात असतो आणि फ्रिज घरातले सगळे उघडतात. माहिती डब्यावरच पाहिजे.

रंगारी भिंतीला लावतात ती कागदी चिकटपट्टी हार्डवेअरच्या दुकानातून आणा. स्टीलवरून लगेच निघते. झाकणावर लावू नका, झाकणं अदलाबदल होतात, डब्याच्या अंगावर लावा. पेननं पदार्थ लिहा, कधी शिजला ते लिहा आणि कधीपर्यंत खायचा ते लिहा. मी तारीख घालत नाही, वार घालते: "वरण, मंगळवार सकाळ, गुरुवारपर्यंत". घाईत तारखेचा हिशोब कुणी करत नाही, वार सगळ्यांना कळतो.

दुसरं म्हणजे डोळ्यांसमोरचा कप्पा आधी संपवायच्या डब्यांसाठी राखून ठेवा. सकाळी पीठ मळायच्या आधी तो कप्पा बघायचा आणि मग काय करायचं ते ठरवायचं. माझ्याकडं उरलेलं वरण ज्वारीच्या पिठात आणि बेसनात मुरतं, त्याचे धपाटे होतात. मेथी मलूल व्हायला लागली की तीही त्यातच. भाकरीचा कुस्करा, कांदा आणि शेंगदाण्याचं कूट घालून. पोरं मागून खातात.

आता किती वेळ, ते सांगते. शिजवलेलं बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या पुढं गेली की एकच तास. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा रात्रीचं ओट्यावर ठेवून सकाळी खायची रीत सोडून द्या. मोठ्या पातेल्यातलं लवकर निवत नाही, पसरट डब्यांत थोडं थोडं काढा. भाजी-वरण फ्रिजमध्ये तीन दिवस, त्यापुढं नाही.

भाताचं मात्र मी कुणाचं ऐकत नाही. तांदळातले काही जंतू बीजरूपानं शिजण्यातूनही वाचतात, भात बाहेर राहिला की वाढतात, आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. फोडणी दिली म्हणजे भात शुद्ध झाला, हे खरं नाही. निवला की लगेच फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संपला पाहिजे.

वीज गेली तर फ्रिज उघडूच नका. बंद राहिला तर साधारण चार तास गारवा टिकतो. त्यापुढं दूध, वरण, शिजवलेल्या भाज्यांवर विसंबू नका. वीज गेलेली वेळ मी दारावर खडूनं लिहिते, म्हणजे नंतर वाद होत नाही.

गृहविज्ञान शिकवते, नांदेड

काकूंशी पूर्ण सहमत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातली घरगुती अन्न-नासाडी माणशी वर्षाला ५५ किलो धरली आहे, जगाची सरासरी ७९ किलो आहे. यात साली, देठ, हाडंही मोजलेली आहेत. उष्ण देशांतल्या घरांत नासाडी जास्त दिसते, असंही त्यात म्हटलंय. मराठवाड्यात राहून हे लगेच पटतं.

पुड्यांवरच्या तारखा नीट वाचा. 'बेस्ट बिफोर' ही चव आणि दर्जाची तारीख असते. ती उलटली तरी बंद, कोरडा पुडा वास-रंग बघून बहुधा वापरता येतो. 'यूज बाय' किंवा 'एक्सपायरी' उलटली की वापरू नका. आणि पुडा एकदा फोडला की छापील तारखेला अर्थ राहत नाही, फोडल्याची तारीख स्वतः लिहा.

धनगर गल्ली, अंबाजोगाई

पिठाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. बाजरीच्या पिठात तेलाचा अंश जास्त, ते लवकर खवट आणि कडू होतं. उन्हाळ्यात आठवड्यापुरतंच दळण आणावं, आणि पिठाच्या डब्यालाही काकूंची पट्टी लावावी. नवं पीठ जुन्यावर ओतू नये, जुनं संपवून डबा पुसून मग भरावं. पालेभाजी धुऊन ठेवू नका, कोरडी निवडून सुती फडक्यात गुंडाळा. केळी आणि पिकलेले टोमॅटो तिच्यापासून लांब ठेवा, त्यांच्यातून निघणाऱ्या वायूनं पानं पिवळी पडतात.

सूनबाई, परभणी

सगळ्यांचे मनापासून आभार. पट्टी आणि खडू आजच आणते. एक अडचण राहते, सासूबाईंना वाचता येत नाही. आणि काही फेकलं तर त्या दिवसभर जेवत नाहीत.

मेसवाली काकू, लातूर

मग त्यांच्यासाठी कप्पाच खूण. समोरच्या कप्प्यातलं खायचं, दाराच्या खालच्या खणातल्याला हात लावायचा नाही, एवढं ठरवून घ्या. खालच्या खणात गेलेलं त्याच दिवशी बाहेर काढा, तिथं साठू देऊ नका. आणि समोरचा कप्पा भरायचं काम त्यांच्याकडंच द्या. रोज सकाळी "आत्याबाई, आज आधी काय संपवायचं?" असं विचारा. ज्यांनी दुष्काळ काढलाय त्यांच्याइतका अन्नाचा हिशोब कुणाला जमत नाही. आंबलेलं खायची पाळी येण्याआधीच त्या डबा पुढं करतील. नासलेलं गुरांना घालायचं असेल तर बुरशी आलेलं तेवढं वगळा, ते जनावरालाही बाधतं, ते खताच्या खड्ड्यात टाका.